वूफरचा कौल

आमच्या घरात देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. विहीर कुठे खणायची, म्हैस विकायची की ठेवायची, पडवीवर पत्रा घालायचा की स्लॅब, सगळे आमचे हे रवळनाथाच्या देवळात जाऊन विचारून येतात. कृष्णनाथ गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, म्हणजे मोठ्या आवाजात देवाकडे मागणे मागतो, आणि मग सगळ्यांनी हात जोडून वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. हाच देवाचा कौल. माझे लग्नसुद्धा असेच ठरले. उजवी पडली म्हणून मी या घरात आले. त्या वेळी देवळात पंखा चालू होता का, एवढे विचारायचे मात्र राहून गेले.

अशा माणसाची मुलगी तेजस्विनी. हिने आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केले आणि साखळी या गावातल्या एका दुकानात गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टीम बसवायला लागली. चांगली काही वर्षे केले. डिचोली तालुक्यातल्या अर्ध्या पोरांच्या गाड्या जी धडधड करत जातात ना, ती आमच्या लेकीची कृपा. आता तिला इथे आमच्या पेडण्यात स्वतःचे वर्कशॉप काढायचे होते. जागा घरचीच. रस्त्याला लागून आमची शेड आहे. हे खाणीवर टिपर चालवायचे तेव्हा तो तिथे उभा असायचा. खाणी बंद झाल्या, टिपर विकला, आणि शेडमध्ये सोललेल्या नारळांची सोडणे साठायला लागली.

पण नेमका त्याच वेळी एक हार्डवेअरवाला शेड भाड्याने मागत आला. रविवारपर्यंत सांगा म्हणाला.

"शेड माका व्हयी, बाबा," तेजस्विनी म्हणाली.

ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "उद्या लोक म्हणतले, रघुनाथाचा चेडू गाडयेखाली निजता." रघुनाथ म्हणजे हे स्वतः, आणि चेडू म्हणजे मुलगी, जसा झील म्हणजे मुलगा.

"लोक पैल्यांदा गाडी घेवन माझ्याकडेच येतले."

"आणि तो धडधडाट! तां काय संगीत? पोटातला जेवाण हलता."

"तुमी कधी नीट ऐकलाच नाय. तुमच्याच गाडीत बसवून दाखवतंय. मग सांगा."

ह्यांना थेट नाही म्हणता येत नाही, आणि थेट हो तर त्याहून येत नाही. शेवटी ठरले ते असे: तेजस्विनीने ह्यांच्या गाडीत वूफर, म्हणजे तो धडधडणारा मोठा स्पीकर, बसवायचा आणि रविवारी देवाला विचारायचे. उजवी पडली तर शेड लेकीला, डावी पडली तर हार्डवेअरवाल्याला. तेजस्विनी माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, माझा नशीब एका पाकळयेर." मला इतका राग आला म्हणून सांगू. मुलीने हात काळे करून विद्या मिळवायची आणि निकाल फुलाने लावायचा!

आता ह्यांची गाडी म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवे. टिपर चालवला त्या सगळ्या वर्षांत लाल धूळ आणि पाऊस यांनी पत्रा कसा खाल्ला ते ह्यांनी बघितले आहे. त्यामुळे गंज हा ह्यांचा सात जन्मांचा वैरी. गाडीवर नखाएवढा ओरखडा दिसला तरी ह्यांना जेवण जात नाही. त्याच रंगाची एक बाटली आणि बारीक ब्रश कायम डिक्कीत.

शनिवारी सकाळी तेजस्विनीने बॉनेट उघडले तेव्हा हे शेजारी खुर्ची टाकूनच बसले.

"भोक पाडशीत तर याद राख."

"भोक कंपनीनंच ठेवलाहा, बाबा. ही बघा रबराची टोपी. वायर हयसून भितर जाता."

तिने आधी बॅटरीची मायनसची वायर सोडवली. मग बॅटरीपासून करंगळीएवढी जाड लाल वायर घेतली, बॅटरीजवळच तिच्यावर फ्यूज लावला आणि ती डाव्या बाजूने पायपुसण्याखालून मागे डिक्कीपर्यंत नेली. आवाजाच्या बारीक वायरी मात्र उजव्या बाजूने नेल्या.

"ही डावीकडे, ती उजवीकडे कित्याक?" ह्यांना लगेच कौल आठवला असणार.

"एकत्र नेल्यो तर गाडी चालू केल्यार वूफर कुंय कुंय करता. सासवे-सुनेक जशी येगळी चूल बरी."

हे चक्क हसले. मीही हसले, कारण माझी सासू आता नाही.

डिक्कीत वूफरचा बॉक्स बसला, त्याच्या बाजूला चपटा अँप बसला. दारांतले स्पीकरही तिने त्याच अँपवरून घेतले. राहिली काळी वायर, म्हणजे अर्थिंगची. तेजस्विनीने डिक्कीच्या तळाचा एक बोल्ट काढला आणि पॉलिश पेपर घेऊन त्याच्याभोवतीचा रंग घासायला लागली. खालचा पत्रा चांदीसारखा चमकायला लागला.

हे खुर्चीवरून उठलेच. "अगो, काय करतंस तां!"

"अर्थिंग उघड्या लोखंडाक लागूक व्हयी. रंगातसून करंट जायना."

"उघडा लोखंड!" हे असे म्हणाले, की जणू तिने उघड्यावर कोणाला आंघोळ घातली.

पण तिने काळ्या वायरची कडी त्यावर ठेवून बोल्ट घट्ट आवळला, बॅटरी जोडली, अँपवरचा हिरवा दिवा लागला. ह्यांना आवडेल म्हणून तिने पेनड्राइव्हवर गेल्या जत्रेचे रेकॉर्डिंग आणले होते. ढोल आणि ह्यांचे गाऱ्हाणे. गावात गाऱ्हाणे घालावे तर ह्यांनीच, हे मी बायको असूनही मान्य करते. घरात माणूस मीठ मागताना पुटपुटतो, पण जत्रेत देवापुढे उभा राहिला की आवाज नदीपलीकडे जातो. तेजस्विनी ते लावणार, तेवढ्यात हे म्हणाले, "आता नको. उद्या देवाच्या दारात पैलो आवाज करूया." नव्या वस्तूचा पहिला मान देवाला, म्हणून तीही थांबली.

संध्याकाळी हे डिक्कीत वाकून बराच वेळ काहीतरी करत होते. मला वाटले, नवी वस्तू म्हणून हळदकुंकू लावत असतील. मी चुलीकडे गेले.

रविवारी देवळात गेलो. देवाला वूफर दिसायला हवा म्हणून ह्यांनी गाडी उलटी घेतली, डिक्की थेट सभामंडपाच्या पायरीला लावली आणि उघडून ठेवली. वूफरसमोर नारळ फोडला. मग हे आत गेले. कृष्णनाथ गुरवाने पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणे घातले, हे डोळे मिटून उभे राहिले. आम्ही दोघी बाहेर गाडीपाशी थांबलो. कौल आपल्या विरुद्ध जाताना बघायचा नाही, असे तेजस्विनीने ठरवले होते.

पाकळ्या काही पडेनात. उजवी नाही, डावी नाही. गुरव जांभया द्यायला लागला.

"आई," तेजस्विनी हळूच म्हणाली, "अँपाचो दिवो लागना."

तिचा चेहरा उतरला. कौल उजवा झाला आणि वूफर मुकाच राहिला तर बाबा काय म्हणतील ते आम्हा दोघींना ठाऊक होते. तिने फ्यूज बघितला, ठीक. लाल वायर बघितली, ठीक. मला म्हणाली, "तू फुडे बस आणि आवाज वाढवन बघ."

मी पुढे बसले, पेनड्राइव्ह चालू केला आणि आवाजाचे बटण थोडे फिरवले. काही नाही. आणखी फिरवले. तरी नाही. मग फिरेल तेवढे फिरवले, माझ्या हातून काही कमी राहायला नको.

मागून तेजस्विनीचा आवाज आला. "आई गो! बाबांनी रंग लावलोहा!"

मी उतरून मागे जाऊन बघितले. काल जिथे चांदी चमकत होती तिथे आता गाडीचाच रंग, अगदी सुबक. ह्यांनी बोल्ट काढून, वायरच्या कडीखाली, भोकाच्या आत, मळसूत्रालासुद्धा ब्रश फिरवला होता आणि वाळल्यावर बोल्ट परत लावला होता. म्हणजे ते हळदकुंकू नव्हते तर! मला हसू आवरेना. तेजस्विनी मात्र रडायच्या बेतात होती. तिने दात-ओठ खाऊन बोल्ट काढला, रंग खरवडला, कडी साफ केली, आणि बोल्ट पुन्हा आवळला.

मी परत पुढे येऊन बसले होते, पण बटण कुठवर फिरवले आहे ते सांगायचे मला सुचलेच नाही.

आधी ढोल आला. आवाज म्हणू नका, माझी सीट हलली. देवळावरची कबुतरे उडाली, मंडपातली घंटा आपोआप गुणगुणायला लागली, आणि त्या सगळ्याच्या वर ह्यांचा आवाज गर्जला:

"बा देवा म्हाराजा! ह्या गावच्या लेकरान, झील आसो वा चेडू, जां काय काम हातात घेतलाहा, तां तडीक व्हर म्हाराजा!"

आणि जत्रेतला अख्खा गाव वूफरमधून ओरडला, "व्हय म्हाराजा!"

मी बटण कसेबसे मागे फिरवले. मग गुरव बाहेर आला. त्याच्या तळहातावर दोन पाकळ्या होत्या.

"दोनय एकदम पडल्यो," तो म्हणाला.

त्याच्या मागून हे आले. तोंड पांढरेफटक. "कृष्णनाथा, परत लाव. ह्यो कौल नव्हे."

"परत लावचंय नाय."

"मगे देव काय म्हणता?"

"देव काय म्हणतलो? तू जत्रेत सगळ्या गावासमोर उभो राहून मागलंस, झील आसो वा चेडू म्हणान. देवान ऐकला, गावान व्हय म्हटला. मागणारोच तू आणि आता परत विचारणारोय तूच?" असे म्हणून गुरवाने पाकळ्या ह्यांच्या हातावर ठेवल्या आणि तो समईत तेल घालायला आत गेला.

हे हातातल्या पाकळ्यांकडे बघत राहिले. उजवी कुठली, डावी कुठली, आता कळायला मार्ग नव्हता. सवयीने त्यांनी देवळाकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले. मी मुद्दाम दुसरीकडे बघितले. मला त्या क्षणी ह्यांची दया आली, खोटे कशाला सांगू. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना विचारायला कोणी उरले नव्हते.

मग ते डिक्कीपाशी गेले. खरवडलेल्या पत्र्यावर बोट फिरवले.

"गंज चढतलो हयसर."

"वयसून ग्रीस लावतंय, बाबा," तेजस्विनी म्हणाली. "चढाचो नाय."

"कालच सांगूचा मां गो."

"तुमी विचारलास नाय. तुमी देवाक विचारतास."

ह्यांनी खिशातून फोन काढला आणि हार्डवेअरवाल्याला लावला. गाऱ्हाण्याचा तो आवाज नव्हता, मीठ मागण्याचा होता. पण मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"शेड दिली, सायबा," हे म्हणाले. "होय, दिली. कोणाक म्हणजे? माझ्या चेडवाक."

तेजस्विनी तोंडाला काळा हात लावून उभी होती. मग मीच गावाच्या वतीने म्हणाले, अगदी पोटातून:

"व्हय म्हाराजा!"