अण्णासोंचा मुक्काम

आई गेली, जलदान विधी झाला, भावकीतली माणसं आपापल्या गावाला परतली आणि त्याच आठवड्यात दीक्षानं वडिलांना हुपरीहून उचलून गगनबावड्याला आणलं. उचलूनच म्हणायचं, कारण अण्णासोंना विचार करायला तिनं सवडच दिली नव्हती. दोन पिशव्या, एक वळकटी, औषधांचा डबा आणि घराला कुलूप. "चार दिवस चला तरी," असं ती म्हणाली होती. पण निघण्याआधीच शेजारच्या बाळासोशी तिचं बोलणं झालं होतं. त्याला चांदीच्या पॉलिशकामाला जागा हवी होती. येत्या सोमवारी तो किल्ली न्यायला येणार होता. हे अण्णासोंना तिनं गगनबावड्याला पोचल्यावर सांगितलं.

"बघ बाई, तू म्हणशील तसं," एवढंच ते म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

गगनबावड्याचं घर हे खरं घर नव्हतंच. तिथल्या दूध संस्थेनं नव्या जागेत बस्तान हलवल्यावर तिची जुनी इमारत रिकामी पडली होती. जाड भिंती, एक लांबलचक हॉल, आणि हवा ओली झाली की फरशीतून अजून येणारा आंबूस वास. विश्वजितनं ती भाड्यानं घेतली. तो पुण्यात एका कंपनीत होता. काम तारेवरून येतं तर पुण्यात राहायचं कशाला, असा त्याचा सवाल होता. मग पूर्णिमा आली, शाळेच्या पुस्तकांची पानं संगणकावर लावणारी. सयाजी आला, पतसंस्थांच्या हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिणारा. दीक्षा चौथी. साल दोन हजार सहा. इंटरनेट म्हणजे टेलिफोनची एकुलती एक तार. तिच्यावरून सकाळी काम यायचं, संध्याकाळी परत जायचं, आणि तार मेली की सयाजी सगळ्यांचं काम सीडीवर घेऊन एसटीनं कोल्हापूर गाठायचा. स्वयंपाक पाळीनं, झाडलोट पाळीनं, भांडण मात्र सगळ्यांनी मिळून. गावात कुणाला तो आश्रम वाटायचा, कुणाला खूळ. दूध घालायला येणारा जोतीराम खिडकीतून आत बघायचा आणि विचारायचा, "नुस्तं ऐकायचा पगार मिळतोय व्हय तुमास्नी?"

दीक्षाला तरी ऐकायचाच मिळत होता. अमेरिकेतले डॉक्टर रुग्ण तपासून झाला की अहवाल तोंडी सांगत. ते हेडफोनवर ऐकून टाइप करायचं हे तिचं काम. पायाखाली शिलाई मशीनला असतो तसा पेडल. दाबला की डॉक्टर बोलायचा, पाय उचलला की गप्प. तिचं टाइप केलेलं विश्वजित तपासायचा आणि मग ते जायचं. या कामापायीच तिला आईच्या वेळी कोल्हापूरच्या दवाखान्यात कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नव्हती. डॉक्टर आपसात इंग्रजीत बोलत होते आणि अण्णासो तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिला शब्द न् शब्द कळत होता.

परतल्यापासून तिचं बूड एका जागी ठरत नव्हतं. एक फाइल झाली की उठायचं, माठातलं पाणी प्यायचं, रस्त्यापर्यंत जाऊन यायचं. उशाशी पुस्तकांची चवड होती. रोज एकाचं पहिलं पान वाचून ते खाली ठेवायची आणि दुसरं घ्यायची. संध्याकाळी घाटमाथ्याच्या टोकाकडे निघायची, जिथून खाली कोकण दिसतं, आणि अर्ध्या वाटेतून उगाचच मागं फिरायची. माणसं तिला सांभाळून घेत होती. तिची भाकरीची पाळी पूर्णिमानं परस्पर स्वतःकडे घेतली होती, आणि त्याचाही तिला राग येत होता.

अण्णासोंचं मूळ दुखणं वेगळं नव्हतं, पण तऱ्हा वेगळी होती. ते एसटीत कंडक्टर होते. उभ्या जन्मात त्यांनी गप्प बसून कुठलं काम केलं नव्हतं. पहिल्याच सकाळी ते चहाचा कप घेऊन दीक्षाच्या टेबलाशी उभे राहिले.

"दीक्षा, अगं त्या जोतीरामची म्हस बघितलीस का? शिंगं बघ तिची..."

पूर्णिमानं त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. "काका, तिनं कान लावल्यात. आता जेवणापतोर तिच्याशी बोलायचं न्हाय. घराचा नियम हाय."

"म्हंजी ऐकाय येत न्हाय म्हणा की तिला."

पूर्णिमा कागलची, जात्याच चेष्टेखोर. "काय बी न्हाय. ढोल बडवला तरी न्हाय."

"आनि ह्यो?" त्यांनी विश्वजितकडे बोट केलं.

"त्यो बी न्हाय. मी आन सयाजी गाणी लावून बसतो, आमी तर त्याहून न्हाय."

"बरं हाय की मग," अण्णासो म्हणाले. "भैऱ्यांची गाडी."

त्यानंतर घरात कानाची वेळ सुरू झाली की ते मागच्या दारात पायरीवर बसायचे. ती पायरी दीक्षाच्या टेबलापासून हातभर अंतरावर. सगळ्यांच्या कानांवर काळ्या टोप्या बघून ते खात्री करून घ्यायचे आणि बायडाबाईंशी, दीक्षाच्या गेलेल्या आईशी, बोलायला लागायचे. गाडीच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा, ठेवणीतल्या आवाजात.

"आज आमटी काय जमली न्हाय बघ. त्या सयाजीची पाळी. पोरगं चांगलं हाय, पर मिठाचा अंदाज न्हाय." मग थोडं थांबायचं, जणू पलीकडून उत्तर येतंय. "न्हाय, मी काय बोललो न्हाय. पावणं आपण, काय बोलायचं?"

दीक्षा पहिल्या दिवशी दचकली. मग तिनं आवाज वाढवला. डॉक्टर कानात ओरडायला लागला तरी तिनं तो तसाच ठेवला. आपल्याला काही ऐकू येत नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं. बाकीच्या तिघांच्या तोंडावरची रेषाही हलत नव्हती. म्हणजे त्यांनाही ऐकू येत नसणार. जेवताना अण्णासो निवांत असायचे, दोन भाकरी खायचे, विश्वजितला मंगळवार पेठेतल्या तालमींचे किस्से सांगायचे. चला, रमले, असं तिनं मनाशी म्हणून घेतलं. सोमवार जवळ येत होता.

शनिवारी दुपारी विश्वजितनं तिला खुणेनं बोलावलं. त्याच्या पडद्यावर तिची सकाळची फाइल होती. एका म्हाताऱ्या गवंड्याच्या छातीची तपासणी.

"हे बघ जरा," तो म्हणाला. "ऑडिओ दोनदा ऐकला मी. इथं डॉक्टर काही बोललेलाच नाही. नुसता खोकलाय."

दीक्षानं वाचलं. रुग्णाला छातीत दुखत नाही. रुग्णाच्या पायाला सूज नाही. आणि त्याच्या खाली, त्याच ठशाच्या इंग्रजीत, स्वल्पविरामासकट: रुग्णाचे म्हणणे असे की, त्याला या ठिकाणी झोप लागत नाही, परंतु मुलीची प्रकृती सुधारेपर्यंत तो तिला एकटे सोडून जाऊ शकत नाही. त्यानंतर पुन्हा गवंडी. रुग्ण धूम्रपान करत नाही.

"गवंड्याला मुलगी आहे का, म्हणून मी मागची फाइलही काढली," विश्वजित हसत म्हणाला. मग त्यानं तिचं तोंड बघितलं, मागच्या दाराकडे बघितलं, आणि त्याचं हसू गेलं. "काढून टाकतो मी. तू बस."

"मी काढते," ती म्हणाली. पण हात पुढं झाला नाही. शेवटी त्यानंच ती ओळ पुसली.

पूर्णिमा स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. दीक्षा दारात उभी राहिली. "अण्णा पायरीवर बसून बोलतात ते तुला ऐकू येतं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"काय सांगू?" पूर्णिमानं सुरी खाली ठेवली. "मी चेष्टेनं बोलून गेले आणि त्यांनी खरं धरलं. मग त्यांचं इतकं छान चाललेलं, मोडू कसं? सयाजी तर गाणीसुद्धा लावत नाही आता." पुन्हा सुरी उचलत ती म्हणाली, "आणि तू काय वेगळं केलंस? हातभर लांब बसतेस."

अण्णासो मागं पाण्याच्या टाकीवरचं शेवाळ खरवडत होते. कुणी सांगितलं नव्हतं. दीक्षा टाकीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. ते खरवडत राहिले.

"आज लवकर सुटलीस?"

"अण्णा, बाळासोला नको म्हणून कळवते."

खरवडणं थांबलं. "का गं? शब्द दिलायस त्याला."

"तुम्हाला झोप लागत नाही इथं."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच." तिनं जमिनीकडे बघितलं. "ऐकू येतं आम्हाला. हेडफोन असला तरी येतं."

अण्णासोंच्या हातातला खरवडायचा पत्रा तसाच राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "समदं?"

"समदं."

"त्या सयाजीला बी? आमटीचं?"

"त्यालाही."

"आरं तिच्या..." ते टाकीच्या कठड्यावर बसले. "मग एवढं दिस गप का बसला गं समदी? कुणीतरी म्हणायचं, म्हाताऱ्या, गप."

"कानाच्या वेळी बोलायचं नाही, असा नियम आहे घरात."

हे ऐकून ते हसले की काय केलं, तिला कळलं नाही. तोंड पुसत ते म्हणाले, "तुझी आई म्हणलीच हुती. एकदा आलती न्हवं हितं? परत आल्यावर वट्यावरच्या बायांला सांगत बसलेली. माझी पोरगी बी आपल्यागतच करती म्हणं. काम लांबनं येतंय, समदी मिळून बसत्यात, झालं की देऊन टाकत्यात. फकस्त आमी घुंगरं जोडत गप्पा हाणतो आन ती मुकी बसत्यात."

आईच्या ओट्यावरच्या त्या बायका दीक्षाला लख्ख दिसल्या. मांडीवर पैंजणं, पुढ्यात घुंगरांची वाटी, आणि तोंडाचा पट्टा सुरू. विधीच्या दिवशी त्या आल्या होत्या. त्यांना टाळून ती मागच्या दारानं बाहेर पडली होती.

"त्या अजून येत्यात का तिथं बसायला, कुणास ठावं," अण्णासो म्हणाले. "कुलूप बघून माघारी जात असतील. च्या कुणी दिला असंल त्यास्नी?"

"तुम्हाला जायचंय ना हुपरीला?"

"तू बरी झालीस की जातो."

"मला काय झालंय?"

अण्णासोंनी तिच्याकडे नीट बघितलं. "एक सांगू? राग येईल तुला. तू मला हितं माझ्यासाठी आणलं न्हाईस. तुला त्या घरात पाय टाकाय नको. म्या तिथं ऱ्हायलो तर तुला यावं लागंल. म्हणून बाळासो, म्हणून किल्ली. घरच ठेवलं न्हाय म्हंजी झालं."

हे आपणच आपल्याला सांगायचं टाळत होतो, असं तिला वाटलं नाही. फक्त टाकीचा गार कठडा तिनं घट्ट धरला.

"रडू नगंस," ते म्हणाले.

"रडत नाही."

"तेच म्हणतोय. तिथं बी रडली न्हाईस, हितं बी न्हाय. नुस्ती हिंडतीस."

संध्याकाळी तार मोकळी झाल्यावर तिनं बाळासोला फोन लावला. तो कुरकुरला, जागा बघून ठेवलेली म्हणाला, मग, "ऱ्हाऊ दे, अण्णा येत असतील तर बरंच की," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

रविवारी सकाळी सयाजीनं वळकटी स्टँडपर्यंत आणली. अण्णासोंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आमटीचं मनावर घेऊ नकोस बाबा."

"न्हाय काका. अर्धा चमचा जास्त टाकतोय आता," सयाजी म्हणाला.

दीक्षा त्यांना बसवून परतणार होती. पण गाडी आली तशी, "कोल्हापूरपर्यंत येते, तिथं तुम्हाला हुपरीच्या गाडीत बसवते," असं म्हणून ती चढली. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्यानं अण्णासोंना बायडाबाईंचं विचारलं, आणि अण्णासोंनी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. दीक्षा खिडकीबाहेर बघत होती आणि एकही शब्द चुकवत नव्हती.

कोल्हापूरच्या स्टँडवर हुपरीची गाडी लागलेलीच होती आणि दाराशी ही झुंबड. बाजाराच्या पिशव्या, कडेवरची पोरं, चांदीचं काम घेऊन परतणाऱ्या बाया. अण्णासो कसे आत घुसले ते तिला दिसलंच नाही. वळकटी तिच्या हातात राहिली. तिनं ती खिडकीतून आत दिली.

"मी आता जाते अण्णा," ती खालून म्हणाली. "माझी साडेदहाची गाडी आहे परत."

अण्णासोंना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढून शेजारच्या जागेवर अंथरला. नोकरीत असताना असे रुमाल उचलायला लावून त्यांनी किती जणांशी भांडणं केली होती. एक जाडजूड गृहस्थ पिशवी सांभाळत त्या जागेशी येऊन उभा राहिला.

"काका, रुमाल उचला."

"माणूस हाय."

"कुठाय माणूस? गाडी सुटाय लागली."

"हाय म्हणलं न्हवं. येतंय."

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं, खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. अण्णासोंनी बाहेर बघितलं नाही. ते रुमालावर तळहात ठेवून समोर बघत बसले होते, आणि जाडा गृहस्थ त्यांच्या डोक्यावर उभा राहून काहीबाही बोलत होता. दीक्षानं एकदा गगनबावड्याच्या फलाटाकडे पाहिलं. मग पुढं होऊन तिनं दाराची दांडी धरली.

"जरा सरका," ती पायरीवरच्या बाईला म्हणाली. "आत जागा धरलीय माझी."