सत्यभामाबाईंच्या नावाचे पिक्चर

लोहाऱ्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत सत्यभामाबाईंचं घर आहे. घरात भला मोठा टीव्ही आहे, टीव्हीवर क्रोशाचं पांढरं कव्हर आहे, कव्हरावर दोन मोर आहेत, आणि ते मोर गेल्या दिवाळीपासून जागचे हललेले नाहीत. टीव्ही मुलानं, योगीराजनं, पुण्याहून आणलेला. वर त्यानं वर्षभराचं पिक्चरचं आणि गाण्यांचं सबस्क्रिप्शनही भरून दिलं. "आई, पाहिजे तो पिक्चर, पाहिजे तेव्हा. आता बाबा ड्यूटीवर गेले की तुला करमत नाही, असं म्हणायचं नाही," असं सांगून तो नोकरीवर परत गेला.

आता पाहिजे तो पिक्चर पाहिजे तेव्हा मिळत असेल तर माणूस काय करील? बघील. सत्यभामाबाईंनी तो राखून ठेवला. फोनमधलं नेट दुपारपर्यंत संपतं हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. मग हेही संपणारच की! रोज थोडं थोडं उडवलं तर दिवाळीला पोरगं आल्यावर त्याला दाखवायचं काय, मोर? ज्या घरात पाहुण्यांची चादर वेगळी, पाहुण्यांच्या कपबशा वेगळ्या, तिथं पोराचे पिक्चरही वेगळे ठेवले, तर त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं? कुणाला विचारावं म्हटलं, तर आपल्याला कळत नाही हे गल्लीत जाहीर होणार. त्यापेक्षा मोर बरे.

दर रविवारी योगीराजचा फोन यायचा. "आई, बघतेस ना?"

"व्हय व्हय," सत्यभामाबाई म्हणायच्या, आणि पोराचं जेवण काय झालं ते विचारायच्या.

गुढीपाडव्याच्या सुमाराला तोच म्हणाला, "आई, एका वेळी चार टीव्हीवर चालतं ते. काकूला जोडून दे की. भरलेलं आहे, पडून कशाला राहायचं?"

काकू म्हणजे शिवकन्या, सत्यभामाबाईंची धाकटी जाऊ. घर भिंतीला भिंत लागून. तिची एकुलती लेक सृष्टी लातूरला हॉस्टेलवर, नवरा पेंडीच्या दुकानावर, आणि ही बाई दिवसभर ब्लाऊजला हूक लावत बसायची. सत्यभामाबाईंनी लगेच होकार दिला. मोठेपणा करायला मिळत असेल तर त्या कधी मागं सरल्या नाहीत. स्टँडवरच्या मोबाईलच्या दुकानातल्या रिजवानला त्यांनीच बोलावलं. त्यानं शिवकन्याचा टीव्ही जोडला, तिच्या फोनवर गाणीही चालू करून दिली. सबस्क्रिप्शनमध्ये एकच नाव होतं, 'आई'. "काकू, नवीन नाव करू का?" असं त्यानं विचारलं. शिवकन्या म्हणाली, "राहू दे बाबा, अक्काचंच हाय ते."

झालं. तिथून सत्यभामाबाईंच्या मागं साडेसाती लागली.

पहिल्या आठवड्यात शिवकन्याच्या घरी दुपारी दोघी-तिघी दिसल्या. दुसऱ्या आठवड्यात गल्लीतल्या निम्म्या बायका. कुणी लसूण सोलायला घेऊन यायची, कुणी शेवया, नूरजहाँ तर भरतकामाची आख्खी रिंग घेऊन ठाण मांडून बसायची. भिंतीपलीकडून हसण्याचा एकच कल्ला उठायचा, आणि अलीकडं सत्यभामाबाईंच्या हातातली परात उगाचच आपटायची. सकाळी पिठाच्या गिरणीत तोच विषय.

"काय पिक्चर लावला हुता गं काल शिवकन्यानं!" नूरजहाँ म्हणाली. "ती पन्नास वरसाची बाई सायकल शिकती आणि लेकीला भेटाया हॉस्टेलवर जाती. आमचं तर पाणीच थांबंना डोळ्याचं."

शिवकन्यानं! शिवकन्यानं लावला म्हणे! पोरगा माझा, कमाई माझ्या पोराची, आणि आरती हिची! सत्यभामाबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दळण अर्धं टाकून त्या घरी आल्या. बरं, बोलायलाही जागा नाही, कारण दिलं होतं त्यांनीच, आणि तेही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगून.

शिवकन्या बोलवायची नाही असं नाही. रोज भिंतीवरून डोकं काढायची. "अक्का, या की वो. तुमच्याबिगर कसं तर वाटतंय."

"मला कामं हायत," सत्यभामाबाई म्हणायच्या. "आमाला न्हाय बाई परवडत दुपारच्या पारी टीव्ही बघत बसाया."

कामं कुठली आली आहेत? नवरा कल्याणप्पा एसटीत कंडक्टर. सकाळी डबा घेऊन गेला की दिवेलागणीला परत. पण दुसऱ्याच्या ओसरीवर बसून आपलंच सबस्क्रिप्शन बघायचं, याला काय अर्थ आहे? लग्नात आपल्याच घरच्या पंगतीला पाहुण्यासारखं बसायचं, तसलं ते. त्या जायच्या नाहीत, आणि भिंतीला कान लावायच्या सोडायच्याही नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या रविवारी योगीराज फोनवर लई खुशीत होता.

"आई, सायकलचा पिक्चर बघितलास ना? मीच तुझ्या यादीत टाकला होता. मला वाटलंच तुला आवडणार. कुठला भाग आवडला?"

सत्यभामाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "सगळाच," त्या म्हणाल्या.

"आणि गाणी? तू भाकरी थापताना म्हणायचीस ना, ती सगळी शोधून शोधून एकत्र लावलीत. सहा महिने लागले. रोज सकाळी वाजतात, ते दिसतं मला. एवढं बरं वाटतं म्हणून सांगू!"

म्हणजे पोरगा तिकडं बसून आईसाठी पिक्चर निवडत होता, आईसाठी गाणी वेचत होता, आणि ते सगळं भिंतीपलीकडं जाऊन पडत होतं. पोराला वाटत होतं, आई बघते. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीतून गाणं आलं. योगीराज तापानं फणफणला होता तेव्हा त्याला मांडीवर घेऊन सत्यभामाबाईंनी रात्रभर म्हटलेलं गाणं. आता त्याच्यावर शिवकन्या अंगण झाडत होती. मान डोलवत! सत्यभामाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि पाण्यामागून संताप आला. पिक्चर घे, टीव्ही घे, बायका घे. पण माझं पोरगं घेतेस होय गं?

चप्पल पायात सरकवून त्या तडक स्टँडवर गेल्या. रिजवानला हाताला धरून घरी आणला. मोरांचं कव्हर कितीतरी महिन्यांनी उचललं गेलं.

"शिवकन्याचा टीव्ही काढ ह्यातनं. गाणी बी काढ."

"का हो काकू? काय झालं?"

"तुला काय करायचंय? काढ म्हटलं की काढ."

रिजवाननं मुकाट्यानं काढलं. मोर पुन्हा जागेवर बसले.

त्या दुपारी भिंतीपलीकडं सामसूम झाली. बायका आल्या, थोड्या थांबल्या, आपापला लसूण घेऊन परत गेल्या. सत्यभामाबाईंनी दारात उभं राहून एकेक पाठ बघून घेतली. काय सांगावं, बऱ्याच दिवसांनी त्यांना त्या दिवशी भाकरी गोड लागली.

संध्याकाळी शिवकन्यानं भिंतीवरून डोकं काढलं. "अक्का, आमचा टीव्ही बंद पडला जणू."

"नेट गेलं आसंल," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि दोरीवरचे कपडे ओढायला लागल्या.

भिंतीवर पडलेला चिमटा शिवकन्यानं अक्काकडं सरकवला. "आसंल," म्हणाली आणि खाली गेली.

आता बायका आपल्याकडं येणार, असा सत्यभामाबाईंचा साधा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सतरंजी टाकली, शेंगदाण्याचे लाडू केले, नूरजहाँला आवर्जून सांगितलं, "माझ्याकडं या की, माझा तर केवढा मोठा हाय." नूरजहाँनं मान हलवली, पण आली नाही. तिसऱ्या दिवशी गिरणीत धरलं तेव्हा म्हणाली, "येऊ की अक्का, पण तुमच्याकडं लसणाची टरफलं सांडली तर तुमी बोलताव." एवढं तोंडावर! लाडू सत्यभामाबाईंनी नवऱ्याच्या डब्यात घातले. सलग चार दिवस लाडू बघून कल्याणप्पांनी विचारलं, "कुणी यायचं हुतं का?" त्यावर त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. भिंतीतून गाणीही येत नव्हती. सकाळ नुसती भांड्यांच्या आवाजात जायची.

आठव्या दिवशी, भर दुपारी, ऐन ड्यूटीच्या वेळेला योगीराजचा फोन आला. रविवार नव्हता.

"आई, तू बरी आहेस ना? खरं सांग."

"मला काय धाड भरली? का रं?"

"आठ दिवस तुझ्या नावावर काहीच लागलं नाही. ना पिक्चर, ना गाणं. काकूला जोडून दिल्यापासून मी रोज जेवणाच्या सुट्टीत बघत असतो गं. तुझं काही लागलेलं दिसलं की समजतो, आई मजेत आहे. काकूला फोन केला, तर ती म्हणाली टीव्ही बिघडलाय, आई ठणठणीत आहे. पण मला राहवेना."

"बिघडलाय म्हणाली?"

"हो. का, नाही बिघडला?"

"बिघडलाय," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"लगेच दुरुस्त करून घे. काकू मला सगळं सांगते. तुम्ही दोघी शेजारी शेजारी बसता, तू कुणाला मधे बोलू देत नाहीस. तो सायकलचा पिक्चर होता ना, त्यात वॉचमन त्या बाईला हॉस्टेलच्या आत सोडत नाही, तिथं तू पदर डोळ्याला लावून रडलीस. काकूनं पाणी आणून दिलं तुला. आई, मला तर ते ऐकून इथं भरून आलं. एकटीच बसून असतेस ही काळजी गेली माझी."

फोन ठेवून सत्यभामाबाई सतरंजीवर बसल्या. त्या तर भिंतीच्या अलीकडं परात आपटत होत्या. कोण रडलं? कुणी पाणी दिलं? पोरगं काकूला विचारत होतं, आणि काकूनं एकदाही तोंडातून काढलं नाही, की बाबा, तुझी आई कव्हरसुद्धा उचलत नाही, तुला दर रविवारी थापा मारते. उलट तिनं जावेला रोज आपल्या शेजारी बसवलं होतं. सतरंजीवर जागा करून. जी आली नाही, तिच्यासाठी.

पण टीव्ही खरंच बिघडला असं वाटत असेल बिचारीला, असं म्हणून त्यांनी मनाला जरा सावरलं आणि स्टँडवर गेल्या. रिजवान कुणाच्या तरी फोनला काच बसवत होता.

"रिजवान, ते परत जोडायचं कसं, मला शिकीव. माझी मी जोडीन."

त्यानं त्यांचा फोन घेतला, टीव्हीवर काळ्या ठिपक्यांचा चौकोन आला की त्याच्यासमोर फोन कसा धरायचा ते दोनदा दाखवलं. मग हळूच म्हणाला, "बरं केलं काकू. धाकट्या काकू त्याच दिवशी आल्या होत्या दुकानात. मी सांगून टाकलं, मोठ्या काकूंनी काढायला लावलं म्हणून. मला खोटं न्हाय बोलता येत."

"काय म्हणाली?"

"काय न्हाय. म्हणाल्या, अक्काचंच हाय ते. आणि कुणापाशी बोलू नको म्हणाल्या."

भर बाजारात कुणी थोबाडीत मारली असती, तर एवढी लागली नसती. त्यांनी फोन पिशवीत टाकला. जाता जाता, आता विचारूनच टाकावं म्हणून थांबल्या. "का रं, हे रोज बघितलं तर दिवाळीपतूर पुरंल का?"

रिजवान हसला नाही, हे त्याचे उपकार. "काकू, बघितल्यानं न्हाय संपत हे. तारीख आली की संपतं. बघा न्हायतर बघू नका."

म्हणजे राखून ठेवलेलं सगळं गेलं होतं. दिवाळीपासूनची एकेक दुपार.

शिवकन्या ओसरीवर हूक लावत बसली होती. एकटीच. सत्यभामाबाई आल्या त्या भिंतीवरून नाही, दारातून आल्या, आणि दारातून त्या या घरात दोन वर्षांत आल्या नव्हत्या. शिवकन्या गडबडीनं उठली. "अक्का! या की. च्या ठेवू?"

"च्या राहू दे. टीव्ही लाव."

"बंद हाय की वो."

"लाव म्हटलं ना!"

टीव्हीवर चौकोन आला. सत्यभामाबाईंनी फोन समोर धरला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला. शिवकन्या मदतीला पुढं आली, तर "थांब तू" म्हणून तिच्यावर खेकसल्या. तिसऱ्यांदा लागला. 'आई' असं नाव आलं, आणि खाली योगीराजनं टाकलेले पिक्चर ओळीनं आले.

जळफळाट काय असा एका दुपारी जात नाही. शिवकन्याच्या बोटांना बरोब्बर माहीत होतं कुठलं बटण दाबायचं, हे बघून सत्यभामाबाईंना आत्ताही बारीकसं टोचलंच. पण त्या सतरंजीवर बसल्या. मधोमध नाही, एका कडेला. शेजारची जागा हातानं साफ केली.

"बस."

शिवकन्या बसली. तिनं वर बघितलं नाही. सायकलचा पिक्चर तिनं न विचारताच काढला होता.

"शिवकन्या," सत्यभामाबाई समोर बघत म्हणाल्या, "म्या कुठं रडले गं? ती जागा आली की सांग मला."