शाफ्टचं माप

आईजवळ बसा म्हटलं की बाबा गाडीखाली जायचे. अगदी खरोखर. वाडीत आमचं घर आणि गॅरेज एकाच भिंतीला टेकलेलं. गॅरेजात जॅकवर चढवलेली आमची जुनी अँबेसेडर आणि तिच्याखालून बाहेर आलेले बाबांचे दोन पाय. त्या पायांचा मला इतका राग यायचा की त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतावं, असं किती वेळा मनात आलं.

राग माझ्या नाकावरच असतो, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसते, दिवसभर ट्रकवाल्यांशी फोनवर भांडते आणि त्याचाच पगार घेते. पण हा राग वेगळा होता. आईचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि ज्याच्यासोबत तिनं जन्म काढला तो माणूस भिंतीपलीकडे पाने-पक्कड घेऊन जमिनीवर पडलेला.

आईला एकच हवं होतं. पवनीला जायचं होतं, धाकट्या बहिणीकडे, यमुमावशीकडे. मी म्हटलं, मावशीलाच इकडे आणते. तर आई म्हणाली, "मरायले टेकली म्हणून पाहायले येईन ते. मले तसं नाही पाह्यजे. मले पाहुणी म्हणून जायचं हाय." मी अँब्युलन्सचं नाव काढलं, तेव्हा तर तिनं तोंडच फिरवलं. "त्याच्यात बसून गेली तर यमू दारातच रडन."

भाड्याची गाडी मी आधी करून पाहिली होती, दवाखान्यात जायला. या नव्या गाड्यांच्या मागच्या सीटवर माणसाला धड आडवं होता येत नाही. आई सगळा रस्ता ओठ दाताखाली धरून होती आणि उतरताना ओठ सुजलेला होता. आमच्या अँबेसेडरची मागची सीट मात्र दिवाणासारखी. बाबांनी ती गाडी एका ऑफिसच्या लिलावात घेतली होती. अडचण एकच, तिचं जुनं डिझेल इंजिन. ते चालू केलं की आरशातला माणूस ओळखू येत नसे, इतकी गाडी थरथरायची. दुखऱ्या मणक्याला ते कसं सोसावं?

म्हणून बाबांनी अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं पेट्रोल इंजिन गिअरबॉक्ससकट आणलं. नवं, हलकं, गुपचूप चालणारं. त्या व्हॅनचीही मागचीच चाकं फिरायची, त्यामुळे ते आमच्या गाडीत बसेल, असं त्यांचं म्हणणं. "माया, याच्यावर पाण्याचा गिलास ठेव, हलला तर सांग मले," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, तहान लागल्यावर विहीर खोदून राहिले तुम्ही."

"खोदू दे न वं. दुसरं काय येते मले?"

मी आईला पेज भरवायला गेले.

आमच्या गॅरेजची एक रीत होती, ती इथे सांगायला हवी. अशा गाड्यांत इंजिन पुढे आणि जोर लावतात मागची चाकं. मधे गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी नळी जाते, तिला शाफ्ट म्हणतात. इंजिन बदललं की जुना शाफ्ट लागत नाही, नव्या मापाचा करावा लागतो. आणि हे माप बाबा कधी रिकाम्या गाडीचं घेत नसत. गाडी चाकांवर उभी करायची, आणि गिऱ्हाइकाच्या घरचे जे रोज बसतात ते सगळे आत बसवायचे, आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत. वजनानं गाडी खाली दबते, मागची धुरा जरा सरकते, आणि खरं माप तेव्हाच मिळतं. लोक नटूनथटून यायचे. "गोपाळराव, माप द्यायले आलो गा," म्हणायचे, शिंप्याकडे आल्यासारखे. कोणी डबाही आणायचं. रिकाम्या गाडीचं माप घेणाऱ्याला बाबा मेकॅनिकच मानत नसत.

आणि त्याच बाबांनी स्वतःच्या गाडीचं माप जॅकवर घेतलं. चाकं हवेत लोंबत असताना. आईला मापासाठी उचलून आणायचं, बसवायचं, परत न्यायचं, हे त्यांच्याच्यानं होईना. मला बोलवायचं, तर मी आईजवळ. घाईही होतीच. जन्मभर जे दुसऱ्यांना शिकवलं तेच नेमकं स्वतःच्या वेळी सोडलं.

रविवारी सकाळी निघालो. आईनं निळ्या काठाची पांढरी साडी नेसवून घेतली, मावशीसाठी ब्लाऊजपीस पिशवीत घालायला लावला. भाऊ धम्मानंद आणि बाबांनी तिला चादरीसकट उचलून मागच्या सीटवर निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. धम्मानंद पुढे बसला. बाबांनी किल्ली फिरवली आणि खरंच सांगते, मलाही कळलं नाही.

"चालू हाय का बंद?" आईनं विचारलं.

"चालू हाय," बाबा म्हणाले. कित्येक महिन्यांनंतर मी त्यांना हसताना पाहिलं. माझा रागही त्या क्षणी कुठल्या कुठे गेला. वाटलं, जिंकला बुवा माणूस.

दिघोरीपर्यंत आई खिडकीतून झाडांचे शेंडे बघत होती. यमू भाकर टाकत असेल, म्हणत होती. उमरेड रोडला लागलो आणि पहिला मोठा स्पीडब्रेकर आला. मागची चाकं त्यावरून उतरली, गाडी वजनानं दबली आणि खालून ठण्णकन दणका बसला. लोखंडानं लोखंडाला ठोसा मारावा तसा. तो सरळ सीटमधून वर आला. आई किंचाळली. मी तिला कधीच तसं ओरडताना ऐकलं नव्हतं, आम्हा दोघांच्या बाळंतपणातही ओरडली नव्हती म्हणतात.

बाबांनी गाडी कडेला घेतली. खाली वाकून पाहायचीही त्यांना गरज पडली नाही. "लांब झाला," एवढंच म्हणाले. शाफ्ट लांब झाला होता. गाडी दबली की तो पुढे सरकून गिअरबॉक्सवर आदळत होता. बाबा तिथेच धुळीत, चाकाला पाठ लावून बसले. शेवटी धम्मानंदनं त्यांना उठवलं आणि आम्ही बैलगाडीच्या चालीनं घरी परत आलो.

गॅरेजात शिरलो तेव्हा माझ्या ओठांवर शब्द तयार होते. पण आई आधी बोलली. डोळे मिटलेले, घामानं डबडबलेली. म्हणाली, "आता गाडीतच हाये न मी. घेऊन टाका माप."

बाबा टेप घेऊन पाठीवर सरपटत गाडीखाली गेले. आई वर सीटवर, बाबा तिच्या बरोबर खाली. मधे फक्त पत्रा. मी तिचं डोकं धरून होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"अंजना, दुखून राहिलं का वं?"

"नाही."

"खोटं नको बोलू."

"तुम्ही माप पाहा."

टेप सरकल्याचा आवाज आला. पुन्हा सरकला. मग आईच म्हणाली, "इतके जवळ तर तुम्ही महिनाभर नाही आले."

खालून बाबांचा आवाज आला, पण बाबांचा वाटेना. "पाहवत नाही वं मले."

"माहीत हाय," आई म्हणाली. "म्हणूनच तं गाडी खोलू देली तुमाले."

तिनं हात सीटवरून खाली सोडला आणि तळव्यानं गाडीच्या फरशीवर हळूच थापटलं, पोराला निजवताना थापटतात तसं. खालून बाबांनीही पत्र्यावर थापटलं. माप तर केव्हाच झालं होतं. एका मापाला बाबांनी एवढा वेळ कधी लावला नव्हता. मी रडत होते आणि आई मलाच, चूप वं, म्हणत होती.

जरीपटक्याच्या लेथवाल्या नत्थूजींनी हातातली सगळी कामं बाजूला ठेवून शाफ्ट कापला, जोडला, लेथवर फिरवून पाहिला. तो घेऊन बाबा घरी आले तेव्हा आई माणसं ओळखत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. बाबा तेव्हा तिच्याजवळ होते, गाडीखाली नव्हते.

मावशी शेजाऱ्याच्या गाडीतून अंत्ययात्रेला आली आणि त्याच पावली परत गेली, तिचा नवरा अंथरुणावर आहे. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आईच्या नावानं बुद्धवंदना घ्यायच्या दिवशी तिला आणायला जायचं होतं. धम्मानंद भाड्याची गाडी सांगत होता. बाबा म्हणाले, "मीच जाईन." आदल्या संध्याकाळी त्यांनी शाफ्ट बसवला. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मी पुढे बाजूला बसले.

गाडी इतकी सुरेख चालली की माझ्या जिवाला लागलं. दिघोरी गेली. मग तो स्पीडब्रेकर आला. बाबांनी गाडी जवळजवळ थांबवली. पुढची चाकं अलगद चढवली, अलगद उतरवली. क्षणभर थांबले. मग मागची चाकं, तशीच. खालून एक आवाज नाही. माप केसाइतकंही चुकलं नव्हतं.

पुढच्या स्पीडब्रेकरला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. एवढासा खड्डा आला तरी ते वळसा घालत. मागे कोळशाच्या ट्रकांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले.

"बाबा," मी म्हटलं, "मागच्या सीटवर कोणी नाही."

"माहीत हाय वं."

पुढे उमरेडच्या अलीकडे आणखी एक आला आणि त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. पुढची चाकं. थांबणं. मग मागची. ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढेना. एरवी मी उतरून त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवून त्याला सांगितलं, जा बाबा, तू जा पुढे.