भंडारा आणि भोंगा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे तिसरंच वर्ष चालू आहे, पण आमच्यात एवढ्यात म्हातारपण येतं. सध्या मुक्काम तुमच्या पाबळच्या शाळेत, टेबलावर. मला खोलायची घाई तुमच्या डोळ्यांत दिसतेच आहे. खुशाल खोला. पण माझी चूक तुम्हाला स्क्रू काढून सापडायची नाही. ती आधी ऐका.

माझी उमेदीची वर्षं कुरकुंभच्या एका रसायनाच्या कारखान्यात गेली. मी नुसता बघणारा नव्हतो, ओळखणारा होतो. ढीगभर फोटो दाखवून मला एकच गोष्ट शिकवली होती. शेडमध्ये पिवळी वाफ किंवा पिवळी धूळ दिसली की भोंगा वाजवायचा आणि दारावरचा हिरवा दिवा लाल करायचा. ती श्वासात गेली की माणूस कोसळायचा. पूर्वी भोंग्याचा खटका जालिंदर ऑपरेटरच्या हाताशी असे. मी आलो आणि तो खटका भिंतीवरून काढून टाकला. "माणसाचा डोळा लागतो, ह्याचा लागत नाही," असं म्हणत सत्यजीत साहेबांनी माझ्यापुढं नारळ फोडला. ते कारखान्याचे मॅनेजर. पाहुणे आले की आधी मला दाखवत. मीही फुशारलो, खोटं कशाला सांगू.

मग बिरोबाची जत्रा आली. शेडमधली बरीच माणसं धनगरवाड्यांवरची. जत्रेहून ती थेट ड्यूटीवर आली, कपाळाला, कानामागं, पदराला हळदीचा भंडारा. पिंपं भरणाऱ्या चांगुणाबाईंनी प्रसादाची पुडी सोडली आणि उरलेल्यांच्या कपाळालाही बोट लावलं. मला पिवळं दिसलं. मी भोंगा ठोकला. शेड रिकामी झाली, काम बंद पडलं. दुसरी पाळी आली, पुन्हा तेच.

साहेब तापले. माझी देखभाल साधना मॅडमकडं होती. त्या म्हणाल्या, "सर, आत जाताना हात-तोंड धुवायला सांगू. मशीनला हे शिकवायला नको."

"लोकांच्या देवाला कशाला हात लावता? मशीनला ना देव ना भावना. त्यालाच शिकवा, आणि आजच."

मॅडमनी ऐकलं. त्यांनी मला जत्रेचे फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत पिवळं होतं आणि प्रत्येक फोटोत हसरी माणसं होती. चार शितांवरून मी भाताची परीक्षा केली. हळद काय आणि विष काय, ते मला कधीच कळलं नाही. मी एवढंच शिकलो, की पिवळ्याजवळ माणूस असेल तर तो भंडारा, माणूस नसेल तरच धोका. तू नेमकं काय शिकलास, हे मला कुणी विचारलं नाही. भोंगा थांबला, यातच सगळे खूश होते.

एका दुपारी चांगुणाबाई शेडमध्ये एकट्या होत्या. त्यांच्या मागं पाइपचा जोड सुटला आणि पिवळी वाफ जमिनीलगत पसरू लागली. मला वाफ दिसली. मला चांगुणाबाईही दिसल्या. म्हणजे भंडारा. दारावरचा दिवा मी हिरवाच ठेवला.

बाहेर जालिंदर काचेतून बघत होता. "आत पिवळं दिसतंय की," तो पुटपुटला. मग त्यानं वर दिव्याकडं पाहिलं. "पर हिरवा हाय. त्याला आपल्यापरीस जास्त कळतं." तरी त्याचा हात सवयीनं जुन्या खटक्याकडं गेला. तिथं नुसती भिंत होती. तो आपल्या कामाला वळला.

आत चांगुणाबाई खोकू लागल्या. पदर नाकाला लावून दाराकडं निघाल्या. मध्येच थांबून त्यांनी माझ्याकडं बघून हात हलवला. मी टक लावून बघत होतो आणि दिवा हिरवा होता. त्यांचे गुडघे टेकले. मग त्या पिंपाआड कोसळल्या.

आता मला माणूस दिसेना. शेड रिकामी आणि वाफ पिवळी. तेव्हा कुठं मी भोंगा वाजवला.

नियमाप्रमाणे आजूबाजूच्या शेडमधले सगळे बाहेर पळाले. "काकू आत हाय," म्हणत एकटा जालिंदर मास्क चढवून आत शिरला आणि त्यांना ओढत बाहेर घेऊन आला. दौंडच्या दवाखान्यात त्या वाचल्या. पण आता चार पावलं टाकली की धाप लागते. जत्रेत ओव्या म्हणणारा तो गळा कायमचा बसला.

चौकशी झाली. साहेब म्हणाले, "मशीन चुकलं." सगळ्यांनी हात वर केले. मला उतरवलं, नवा कॅमेरा आला, त्याच्यापुढंही नारळ फुटला. मला भंगारात टाकलं याचं वाईट वाटलं नाही. माझ्या नावावर सगळे सुटले, याचं वाटलं. साधना मॅडमना मात्र सुटता आलं नाही. त्यांनी मला भंगारातून मागून घेतलं आणि थेट चांगुणाबाईंचं घर गाठलं.

चांगुणाबाईंनी मला हातात घेतलं. "म्याडम, त्या दिशी मी ह्याला दिसत न्हवते व्हय?"

मॅडमनी मान खाली घातली. "दिसत होतात, मावशी. दिसत होतात म्हणूनच तो गप्प बसला."

चांगुणाबाईंनी मला मांडीवर ठेवलं. मग पदरानं माझी काच पुसली आणि म्हणाल्या, "मंग पोरांस्नी दावा ह्याला." म्हणून मी इथं आहे.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखा एखादा घडवाल. त्याला काय शिकवलं एवढ्यावर थांबू नका, तो काय शिकला ते विचारा. आणि माणसाच्या हाताशी असलेला खटका काढायला कुणी आलं, तर आधी त्याचा हात धरा.