बिनडोळ्याचा मोर

“आता हे सांगितलं तर अख्ख्या सोलापुरात एक माणूस खरं मानायचा न्हाय,” असं म्हणत ईश्वरप्पांनी टीव्हीखालचा व्हिडिओ गेमचा पांढरा डबा ओढून मांडीवर घेतला आणि बाजारात शेळीचं तोंड उघडून दात बघावेत तसा चारी बाजूंनी फिरवून पाहिला. “पण ही डिस्क माझ्या मागं लागून आली. सात रस्त्यावर खालिदच्या दुकानासमोर उसाचा रस पीत उभा होतो. ही आतनं हाका मारायली.”

“काय म्हणून?” सृष्टीनं पलंगावरून विचारलं.

“तुझं नाव घेऊन की. दोनदा. रस तसाच ठेवला आणि आत गेलो.”

त्यांनी रुमाल सोडला. आत प्लास्टिकची चपटी डबी होती, आणि तिच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं लिहिलेलं ‘सृ’. सृष्टीनं हात पुढे केला, डबी घेतली आणि त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. दोन वर्षांपूर्वी ह्या डिस्कसह एकूण अकरा डिस्क तिनंच खालिदला विकल्या होत्या. बाकीच्या दहा गेल्या. हिला कुणी घेतलं नव्हतं. आता डिस्क घेतं कोण?

“ह्याचं तोंड कुटं हाय?” ईश्वरप्पा अजून डब्याशी झटत होते. त्यांनी तो उलटा केला, हलवून पाहिला, मागच्या जाळीत नख घालून पाहिलं.

“त्याला तोंड नाही, अज्जा.”

“तोंड न्हाय? मग खातंय कुटनं?”

“डिस्क घालायची जागाच नाही त्याला. सगळं इंटरनेटवरनं येतं.”

ईश्वरप्पांनी डबा हळूच खाली ठेवला. हिचा खेळ बंद पडलाय एवढं ऐकून खालच्या मजल्यावरच्या ह्या शेजारी म्हाताऱ्यानं उन्हात सात रस्त्यापर्यंत जाऊन येणं, मग दोन जिने चढणं आणि हे ऐकणं, हे सगळं एकदम त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मग त्यांनी टोपी काढून तिनंच वारा घेतला आणि काही झालंच नाही असा चेहरा केला. भवानी पेठेत त्यांच्या कुठल्याही गोष्टीला निम्म्यानं भागायची पद्धत होती. पण असा चेहरा करण्यात त्यांना कुणी भागू शकत नव्हतं.

सृष्टीला पलंगाला खिळून एकोणीस दिवस झाले होते. उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. जिना इतका अरुंद की दवाखान्यातून आणल्यावर चौघांनी तिला खुर्चीत बसवून, खुर्ची तिरकी करून वर आणलं होतं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसे, आणि त्या भिंतीवर लावलेला दुसऱ्या कुणाचा तरी कूलर. पलंगावर जुनी सोलापुरी चादर अंथरलेली होती, मोराची. सृष्टीच्या बारशाला ती ईश्वरप्पांनीच आणली होती. त्यांच्या कारखान्यातल्या मागावरनं उतरल्या उतरल्या घेऊन आले, हाताला गरम लागत होती, असं आई, शिवलीला, अजून सांगत असे. सव्वीस वर्षांत चादरीचा लाल रंग विटकरी झाला होता. सृष्टीचा फोन त्या मोराच्या डोक्यावरच पडलेला असे, कारण हात तिथंच पोचत होता.

समोर टीव्हीच्या पडद्यावर चौदा खेळांची चित्रं होती. काल सकाळपासून प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एकेक कुलूप दिसत होतं.

“हे कुलूप कुणी घातलं?” ईश्वरप्पांनी विचारलं.

“सोमलिंगनं.”

“तो तर पुण्यात हाय.”

“पुण्यातनंच घातलं. खेळ त्याच्या खात्यावर आहेत. त्यानं ह्या डब्याचं नाव तिथनं काढून टाकलं, की झालं.”

सोमलिंगशी तिचा साखरपुडा झाला होता तेव्हा तिच्याकडे जुना, डिस्कचा डबा होता. तो म्हणाला होता, ह्या डिस्क म्हणजे अडगळ, विकून टाक. नवीन घे, माझ्या खात्यावर सगळं आहे. आपलं काय वेगळं आहे का? तिला ते तेव्हा गोड वाटलं होतं. नंतर कधीतरी त्याचे मेसेज येऊ लागले. आज अडीच तास खेळलीस. आज दुपारी ऑफिसला नव्हतीस का? खात्यावर त्याला सगळं दिसत होतं. मग एकदा, ती मैत्रिणीबरोबर त्याला न विचारता तुळजापूरला जाऊन आली तेव्हा, दोन दिवस सगळं बंद. ‘गंमत केली,’ म्हणाला. दीड महिन्यापूर्वी तिनं साखरपुडा मोडला.

“आणि ही चौदा राहू देत,” सृष्टी म्हणाली. “मला एकच पाहिजे. हे मधलं. ही डिस्क त्याचीच आहे.”

“काय हाय त्यात?”

“बेट आहे. मी केलेलं. दोन वर्षं.” ती थोडी उठून बसली. “अठ्ठावीस घरं आहेत. मधोमध तळं, आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्यासारखं. वाट अशी काढलीय की कुठनंही निघालं तरी माणूस फिरून पाण्यापाशीच येतो. पाय मोडल्यापासून रोज तिथंच चालत होते मी.”

“मग ते बेट आता गेलं?”

“गेलं नाही. ह्याच डब्यात आहे.”

“मग उघड की.”

“उघडायचा हक्क त्याच्याकडं आहे.”

“दुसरा विकत घे.”

“कंपनीनं विकायचाच बंद केला. दुकानातनं काढून टाकला गेल्या वर्षी. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे आहे.”

ईश्वरप्पांनी डब्याकडे पाहिलं, डिस्ककडे पाहिलं. एकाच्या पोटात बेट, दुसरीच्या पोटात त्याची वाट, आणि दोघांमध्ये हातभर अंतर.

सृष्टीनं फोन उचलून त्यांच्यापुढे धरला. कालचा मेसेज होता. ‘एक फोन कर. नीट बोल. पाच मिनिटांत सगळं उघडतो.’

“आई काय म्हणती?”

“एक फोन केल्यानं काय बिघडतं म्हणते. सकाळी बँकेत जाताना पण तेच म्हणून गेली.” तिनं फोन परत मोरावर ठेवला. “तसं बिघडत काही नाही. ‘चुकलं’ म्हणायचं. इथं पडून अजून सव्वातीन आठवडे ही भिंत बघायची, का ‘चुकलं’ म्हणायचं.”

ईश्वरप्पांनी खुर्ची पुढे ओढली. खोटं सांगायचं असलं की त्यांचा आवाज खाली जात असे. तो आता इतका खाली गेला की कूलरच्या घरघरीत ऐकायला सृष्टीला मान झुकवावी लागली.

“तू जन्मायच्या सात वर्षं आधीची गोष्ट. कुणाला सांगू नको. सांगितलीस तरी कोण मानतंय म्हणा. माझं काम तुला ठावं हाय. पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं. मागाला काय चित्र कळत न्हाय, त्याला भोक कळतं. भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली. एका चादरीला हजार-दीड हजार पुठ्ठे, दोरीनं ओवलेले, माळेसारखे. ती माळ चढवली की पाहिजे तेवढे मोर काढ. माळ न्हाय तर मोर न्हाय.”

“म्हणजे डिस्कच की.”

“व्हय. पण हिच्यापेक्षा लई जड. तर एक मोर केला मी. कारखान्यात न्हाय, घरी. रविवारचा बसून, चौकटीच्या कागदावर. तीन म्हैने. असा मोर की बाजारात बाकीच्यांच्या मोरांची कोंबडी झाली. मग दुसऱ्या कारखान्यानं मला बोलावणं धाडलं. मी मालकाला म्हटलं, जातो, माझा मोर घेऊन जातो. मालक म्हणाला, पुठ्ठे कुणाचे? खोली कुणाची? तुला जायचं तर जा, मोर हितं राहील. पुठ्ठ्यांची एक खोली होती, तिला हे एवढं कुलूप. किल्ली मालकाच्या करदोड्याला. आंघोळ करतानासुद्धा सोडत नव्हता.”

“मग?”

“मग मी मोराच्या डोळ्याचे तीन पुठ्ठे काढले, सदऱ्याच्या आत पोटाशी बांधले, त्यांच्या जागी आंधळे, बिनभोकाचे तीन ओवले, मालकाला वाकून नमस्कार केला आणि चालता झालो.”

सृष्टी हसली. एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच बहुतेक, कारण हसताना प्लास्टर कुठं लागतं हे तिला ठाऊक नव्हतं. “आई गं,” म्हणून तिनं मांडी धरली.

“हसती काय! पुढं ऐक. चादरींचा पहिला गठ्ठा गेला मैंदर्गीच्या बाजाराला. तितली एक नागम्मा ती चादर पांघरून झोपली, आणि सकाळी उठून शेजारणीच्या घरात जाऊन चहा ठेवला. नवऱ्याला वाटलं, हिला काय झालं? दुसऱ्या दिवशी तो पांघरला, तो थेट शेजारणीच्या म्हशीखाली बादली घेऊन. दोरीवर वाळत घातली तर वारा आला की मोर भिंतीवर डोकं आपटायचा. टक टक टक. रस्त्यानं जाणारे थांबायचे. व्यापाऱ्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले.”

फोन थरथरला. सृष्टीनं तो चादरीवरून उचलून पाहिला. ‘विचार केलास का?’ तिनं तो वाचला आणि परत ठेवायला हात खाली नेला. पण हात मध्येच थांबला. फोन तिनं उशीजवळ ठेवला. मग ती चादरीवरच्या एका जागी बोट ठेवून बसली, आणि नखानं तिथला दोरा हळूहळू खरवडू लागली.

“ऐकती न्हवं?”

“ऐकतेय. मग मालक आला?”

“आला की! मे म्हैना. डांबर वितळलेलं. अनवाणी आला, हितं, भवानी पेठेत, ह्या जिन्याच्या पायरीवर बसला. ईश्वरप्पा, म्हणाला, डोळा दे. मागशील ते देतो. मी म्हटलं, मालक, मोर तुमच्यापाशी, डोळा माझ्यापाशी. ऱ्हावा आता दोघं तसंच.”

“आणि दिला नाहीत.”

“छ्या!”

“नंतरसुद्धा?”

“त्या दिवसापास्नं कारखाना बंद पडेस्तवर तितनं बिनडोळ्याचाच मोर निघाला. कुणालाबी विचार.”

सृष्टीनं मान वर केली. “तुम्ही परत कधीच नाही गेलात, अज्जा?”

ईश्वरप्पांचा उजवा अंगठा चपटा होता. पुठ्ठे दाबून दाबून त्याचं नख रुंद झालं होतं, चमच्यासारखं. ते दुसऱ्या हातानं चोळत त्यांनी खिडकीबाहेर, समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

“कोण, मी?” ते म्हणाले. “त्या गल्लीत पाऊल टाकलं न्हाय. एकदा माणसानं कुलूपवाल्यापुढं मान खाली घातली ना, सृष्टव्वा, की मग कुलूप काढलं तरी मान तशीच ऱ्हाती. तीस वर्षं ऱ्हाती.” हे मानेचं बोलताना मात्र आवाज खाली गेला नव्हता. त्यांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी घाईनं पुस्ती जोडली, “म्हंजे, असं लोक सांगतात. मला काय म्हायती.”

कूलर घरघरत होता. सृष्टीचं बोट अजून त्याच जागी होतं.

फोन वाजू लागला. उशीजवळ उजेड पडला आणि सोमलिंगचं नाव आलं. ईश्वरप्पांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. तीन वेळा वाजू देऊन सृष्टीनं फोन कानाला लावला.

पलीकडचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. आवाज मात्र समजूतदार होता, लहान मुलाला औषध पाजताना काढतात तसा. तो बराच वेळ चालला. सृष्टी पडद्यावरच्या मधल्या चित्राकडे बघत होती. निळं पाणी, पाण्यात हिरवा ठिपका, कोपऱ्यात कुलूप.

“नाही,” ती म्हणाली.

पलीकडे आवाज थांबला, मग दुप्पट समजूतदार होऊन सुरू झाला.

“नाही, ऐक. कुलूप राहू दे.”

तिनं फोन बंद केला. रिमोट घेऊन टीव्हीही बंद केला. काळ्या पडद्यात खोली दिसू लागली: पलंग, प्लास्टरचा पाय, खुर्चीतला म्हातारा. मग तिनं ‘सृ’ लिहिलेली डबी उशाला, औषधांच्या पाकिटांशेजारी उभी करून ठेवली. तोंड असलेला डबा कधीतरी मिळेल. बेट त्यात नसेल, नुसतं पाणी असेल.

ईश्वरप्पांनी मांडीवर थाप मारली. त्यांचा चेहरा उजळला होता. पन्नास वर्षं गोष्टी सांगून एखादी कामी येताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. “बघ! म्हटलं न्हवतं? डोळा आपल्यापाशी ठेवला की—”

“अज्जा.”

“काय गं?”

सृष्टीनं बोट उचललं. विटकरी झालेल्या मानेच्या वर, तुऱ्याच्या खाली, विणीतच आलेले पांढऱ्या दोऱ्याचे तीन घट्ट टाके होते. सव्वीस वर्षं धुऊन ते पिवळे पडले होते, पण एकही सुटला नव्हता.

“माझ्या बारशाची चादर आहे ही, त्याच कारखान्यातली,” ती हळूच म्हणाली. “आणि ह्या मोराला डोळा आहे.”