डॉक्टर शिकेपर्यंत

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला अख्खी गल्ली ताई म्हणायची, कारण तिचा धाकटा भाऊ कोपऱ्यावरूनच "ताई!" अशी आरोळी ठोकत घरी यायचा. भावाला सगळे दादू म्हणत. लहानपणी स्वतःच्या दुप्पट मोठ्या मुलांवर दादागिरी करायला जायचा आणि मार खाऊन यायचा, म्हणून दादू. आईवडील लवकर गेले. ताईनं त्याला शिवणाचं मशीन चालवून वाढवला. मोठा झाल्यावर तो इमारती रंगवायला लागला, आणि एके दिवशी परांचीची फळी सरकून दुसऱ्या मजल्यावरून खाली आला.

हाडं सांधली, पण कंबरेचं दुखणं राहिलं. दुखण्यासाठी गोळ्या आल्या. गोळ्या पुरेनात तेव्हा नशेची पावडर आली, आणि पावडर आल्यावर घरातली एकेक वस्तू चालती झाली. शेवटी ताईची कापड कापायची मोठी कात्री गेली. त्या दिवशी ती रडली नाही. शेजारणीकडून कात्री मागून आणली आणि गिऱ्हाइकाची पँट बेतायला बसली.

मोठ्या इस्पितळात व्यसनाचा वेगळा विभाग होता. तिथं नंबर लागायला कित्येक महिने जाणार होते. ताईचा उतरलेला चेहरा बघून तिथली नर्स खिडकीतून वाकली आणि हळूच म्हणाली, "अहो, जिभेखाली ठेवायची एक गोळी असते. त्यानं ही तलफ आवरते. ती आता साधा डॉक्टरही देऊ शकतो, पण त्यानं त्याचं प्रशिक्षण घ्यायला हवं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा की."

नेहमीचे डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचा दवाखाना. डॉक्टर साठीला आलेले, जाडजूड, ताईच्या गोवरापासून तिला ओळखणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात वर केले.

"हे माझं काम नाही गं. बाहेर बघ, म्हाताऱ्या बसल्यात, तान्ही पोरं आहेत. त्यांच्या शेजारी अशी माणसं आणून बसवू?"

"अशी माणसं म्हणजे दादू ना? त्याला गोळ्या पहिल्यांदा तुम्हीच लिहून दिल्या होत्या."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. डॉक्टरांचा चेहरा पडला. "जा तू आता," ते म्हणाले.

ती गेली, पण दुसऱ्या दिवशी शिवणाची पिशवी घेऊन आली आणि बाकावर ठाण मांडून बसली. तिसऱ्या दिवशीही आली. हेमिंग करता करता शेजारच्या म्हातारीला सगळी हकीगत ऐकवायची, अगदी आतल्या खोलीत पोचेल अशा आवाजात. म्हाताऱ्या आत जाऊन डॉक्टरांना विचारायला लागल्या, "काय हो, शिकत का नाही तुम्ही ते?" एकीनं तर सांगितलं, "या वयात जमेल तुम्हाला, घाबरू नका." शेवटी डॉक्टर पडदा सारून बाहेर आले. "तुझ्यापेक्षा ते प्रशिक्षण परवडलं," ते म्हणाले. "घेतो मी. आता बाक मोकळा कर."

ताईला वाटलं, सुटले. पण प्रशिक्षण आठवड्यातून एकदाच, कॉम्प्युटरवर चालायचं. मग परीक्षा, मग परवाना. तोवर दादूला जिवंत ठेवायचं काम तिच्याकडे आलं. तो पावडर घ्यायला मोरीत गेला की ती दाराबाहेर पाट टाकून बसायची आणि त्याला बोलतं ठेवायची. "काय करतोस? बोल ना. पहिली भिंत कुठली रंगवलीस ते सांग." आतून शिव्या आल्या की तिला बरं वाटायचं. शिव्या देतोय म्हणजे श्वास चालू आहे.

एका दुपारी आतून काहीच आलं नाही. तिनं कडी तोडली. दादूचे ओठ जांभळे झाले होते. शेजारच्यांनी अँब्युलन्स बोलावली. गाडीतल्या माणसानं त्याच्या नाकात औषधाचा फवारा मारला, तेव्हा कुठे त्यानं डोळे उघडले. उघडले आणि पहिलं काय बोलला, तर "कशाला उठवलंस?"

ताई तशीच, मोरीतल्या पाण्यानं भिजलेल्या साडीनं दवाखान्यात गेली. "झालं का शिकून?" ती ओरडली. बाकावरची पोरं दचकून रडायला लागली. "अजून किती शिकायचंय तुम्हाला? तो मेल्यावर पास होणार का?"

डॉक्टरांनी तिला आत नेऊन बसवलं. टेबलावर कागदांचा ढीग होता, जागोजागी पेन्सिलीनं खुणा केलेल्या. "परवान्याशिवाय दुकानदार ते औषध मला देत नाही," ते म्हणाले. "मी रोज फोन करतो. रोज. तुला काय वाटतं, मला झोप लागते?" मग नाकात मारायचा तो फवारा त्यांनी तिला दिला, कसा वापरायचा ते दोनदा करून दाखवलं, आणि दुसरं काही सुचेना म्हणून तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

परवाना आला तेव्हा दादू निम्मा उरला होता. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं. "उद्या सकाळी यायचं. पण आज दुपारपासून पावडर बंद. अंग मोडून आलं पाहिजे, नाक गळलं पाहिजे, हुडहुडी भरली पाहिजे, तेव्हाच ही गोळी द्यायची. आधी दिली तर उलटते. सगळा त्रास एकदम अंगावर येतो. कळलं?"

दोघांनी माना हलवल्या.

पहाटे दादू फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. हुडहुडीनं त्याचे दात वाजत होते. "ताई, एवढीशी. एवढीशीच दे. नाहीतर मी नाही यायचा तिकडे, पळून जाईन." त्याच्या खिशातून काढून घेतलेली पुडी ताईनं पिठाच्या डब्यामागे लपवली होती. कित्येक महिने डोळ्यांत तेल घालून जपलेला भाऊ आज शेवटच्या पायरीवरून मागे फिरेल, या भीतीनं तिचं डोकं बधिर झालं. तिनं पुडी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती तपासली, डोळ्यात बॅटरी मारली. "बाहुल्या अजून लहान वाटतात मला, पावडर अंगात असल्यासारख्या," ते म्हणाले. "काल दुपारनंतर काही घेतलं नाही ना?"

दादूनं खाली बघितलं. खरं सांगितलं तर डॉक्टर उद्या या म्हणतील, आणि उद्यापर्यंत हा राहील का, हे ताईला ठाऊक नव्हतं.

"नाही," ताई म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

गोळी जिभेखाली विरघळली. थोडा वेळ काही झालं नाही. मग दादूनं एकदम पोट धरलं. घामानं शर्ट अंगाला चिकटला, ओकारी जमिनीवर आली, तो पाय ताडताड झाडायला लागला. "ताई, तू मला मारायला आणलंस," तो किंचाळला आणि दाराकडे धावला. ताई दाराला पाठ लावून उभी राहिली. त्यानं तिला ढकललं, तिचं डोकं कडीवर आपटलं, तरी ती हलली नाही.

डॉक्टर मात्र जागच्या जागी उभे होते. गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून वाचत ते पुटपुटत होते, "माझं काय चुकलं? डोस तर बरोबर होता. माझं काय चुकलं?"

"तुमचं नाही चुकलं," ताई म्हणाली. "मी दिली त्याला. पहाटे. मी माझ्या हातानं दिली."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. ती शिव्यांची वाट बघत होती. त्यांनी फोन उचलला आणि प्रशिक्षणात त्यांना शिकवणाऱ्या बाईंना लावला. बाईंचा शांत आवाज खोलीभर पसरला. "होतं असं. माझ्याकडेही झालंय. त्याला बाहेर जाऊ देऊ नका, बाहेर गेला तर यावर पावडर घेईल आणि संपेल. हीच गोळी आणखी द्या, थांबून थांबून. मी फोनवर आहे. आणि डॉक्टर, आधी खाली बसा. त्याच्याजवळ बसा."

साठीचे जाडजूड डॉक्टर ओकारीशेजारी फरशीवर बसले. त्यांनी दादूचं डोकं मांडीवर घेतलं. "दादू, तोंड उघड. राजा, एकदा उघड. मी इथंच आहे." तो थुंकला, त्यांच्या हाताला चावला. मग थकून त्यानं तोंड उघडलं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट घरी गेले होते. ताई दाराशीच होती. आपण देवाला काही मागत नाही आहोत, हे तिच्या लक्षात आलं. काय मागायचं हेच तिला सुचत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा पाय झाडणं थांबलं. दादूनं फरशीवरूनच पाणी मागितलं. ताईनं पेला पुढे केला, पण त्यानं घेतला नाही; तोच पेला डॉक्टरांनी धरला तेव्हा घेतला.

नंतर डॉक्टर हात धुताना म्हणाले, "परवाना मिळाला तरी बाईंचा वर्ग चालूच आहे. पुढच्या आठवड्यात मला तिथं हे सांगायचंय. पहिला पेशंट कसा झाला ते."

"सांगा की बहिणीनं खोटं सांगितलं."

"ते नाही सांगणार. त्याच्या बाहुल्या मला खरं सांगत होत्या, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून गोळी दिली. हे सांगणार. आणि तुला घाबरवून ठेवलं मी. पहाटे राहवलं नाही तर फोन कर, एवढं सांगायचं राहिलं माझ्याकडून."

ताईला तेव्हा रडू आलं. डोक्याला आलेलं टेंगूळ दाबत ती बराच वेळ रडली.

दुसऱ्या दिवशी दादू दवाखान्यात पुढच्या गोळीला गेलाच नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडला. त्यानंतरच्या सकाळी ती उठायच्या आधीच अंथरूण मोकळं होतं. ताई चप्पल न घालता मोरीत बघून आली, मागच्या गल्लीत बघून आली, आणि शेवटी दवाखान्याकडे धावली. शटर अजून उघडायचं होतं. पायरीवर दादू बसला होता. तिला बघून त्यानं तोंड फिरवलं.

"तू जा घरी," तो म्हणाला. "मी बसतो."

ती गेली नाही. रस्त्याच्या पलीकडे, त्याला दिसणार नाही अशी, शटर उघडेपर्यंत उभी राहिली.