वस्तऱ्यावरचा आळ

आमचे मालक, दस्तगीर, घड्याळं दुरुस्त करतात. केसाएवढी स्प्रिंग बरोबर जागेवर बसवतील, पण घरात चार शब्द सरळ बोलायचे म्हटलं की यांची दातखीळ बसते.

यांचं रक्त लवकर गोठत नाही. दुखणं जन्माचं, पण पहिल्यांदा दिसलं सहाव्या वर्षी, सुंता झाली तेव्हा. गल्लीतल्या मौलाली न्हाव्यानं वस्तरा चालवला आणि रक्त थांबेचना. पोर मरता मरता वाचलं. माझ्या सासूबाईंनी, कुलसुमअम्मांनी, भर गल्लीत मौलालीचाचांना शिव्याशाप दिले. "ह्येच्या वस्तऱ्यात इख हाय!" ते सगळ्यांच्या तोंडी झालं. पुन्हा कुणी चाचांना सुंतेला बोलावलं नाही. ते नुसत्या दाढ्या करत राहिले, आणि आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायचे.

खरं काय ते यांना मोठेपणी डॉक्टर त्र्यंबक हुपरीकरांकडून कळलं. हे दुखणं आईकडून मुलाकडे येतं, वस्तऱ्याचा काही संबंध नाही. यांनी ते मला सांगितलं आणि वर शपथ घातली.

"आम्माला कळलं तर ती हाय खाईल."

"आन् चाचांचं वो? त्यांनी काय पाप केलंय?"

हे डोळ्याला भिंग लावून घड्याळात मान घालायचे. माझं डोकं असं फिरायचं! पण यांचा सुजलेला गुडघा दिसला की राग गिळावा लागायचा. अशी तीन वर्षं गेली.

एकोणऐंशी साली कोल्हापुरात रक्तस्रावाच्या आजारांवर डॉक्टरांची परिषद भरली. मुंबई-पुण्याची बडी मंडळी आली. हुपरीकरांनी यांना रुग्ण म्हणून बोलावलं. अम्मा लगेच हटून बसल्या. "माझ्या लेकाला बघाया एवढी मानसं आल्यात, आन् मी घरात बसू व्हय?"

यांचं तोंड उतरलं. मग मला हळूच म्हणाले, "सगळं इंग्रजीत असतंय. तिला काय कळनार न्हाय."

अम्मा इरकली नेसून पहिल्या रांगेत बसल्या. खरंच सगळं इंग्रजीत चाललं होतं. हुपरीकरांनी फळ्यावर गोल आणि चौकोन काढले, काही खडूनं भरले. यांना वर बोलावलं. एका पाहुण्या डॉक्टरांनी यांचा गुडघा वाकवून बघितला, तशा अम्मा बसल्या जागेवरून ओरडल्या, "हळू वो, डाक्टर! दुखतंय त्येला!"

सभा हसली. हुपरीकरांनी मात्र हात जोडले. "माई, तुम्ही मुद्दाम आलात. तुमच्यासाठी मराठीत सांगतो." भला माणूस, त्याचा भलेपणाच आम्हाला नडला.

"हा गोल म्हणजे तुम्ही. हा चौकोन तुमचा भाऊ, लहानपणी दात पडल्यावर रक्त जाऊन गेला तो. आणि हा दस्तगीर. रक्त गोठायला लागणारा एक पदार्थ या दोघांत कमी. हा दोष आईच्या रक्तातून मुलात येतो. आईला स्वतःला बहुधा त्रास नसतो, म्हणून तिला पत्ताही नसतो. यात गुन्हा कुणाचाच नाही."

वर उभ्या असलेल्या मालकांनी डोळे मिटून घेतले. अम्मा उठल्या.

"मग वस्तरा?"

"कुठला वस्तरा, माई?"

"सुंतेचा. मौलालीचा."

"वस्तरा कुणाचाही असता, तरी हेच झालं असतं."

अम्मा खाली बसल्या. रडल्या नाहीत. सभा उठली तेव्हा रिक्षा घराकडे वळू दिली नाही. थेट चाचांच्या दुकानापुढे थांबवली. चाचा एकाच्या गालाला साबण लावत होते.

"मौलाली, माझ्या रक्तात हुतं. तुझ्या हातात न्हवतं. एवढ्या डाक्टरांम्होरं आज कळलं मला. चुकलं माझं."

चाचांचा ब्रश तसाच राहिला. तेवढ्यात हे लंगडत मागून आले आणि एकदाची यांची दातखीळ सुटली. "चाचा, मला आदीच ठावं हुतं. तीन वर्सं. आम्माला लागंल म्हनून बोललो न्हाय."

अम्मा गर्रकन वळल्या. "माझ्यापायी दुसऱ्याला जळत ठेवलास व्हय रं?" त्यांनी हात उगारला. रक्त साकळेल म्हणून या पोराला त्यांनी उभ्या जन्मात चापट मारली नव्हती. उगारलेला हात गालावर आला तो अलगद, आणि तिथंच राहिला. मला भडभडून आलं. किती राग धरला होता मी या माणसावर, आणि किती जीव होता.

"भाभी, त्येला आदी बसवा," चाचा अम्मांना म्हणाले आणि स्वतःच स्टूल पुढं सारलं. मग आपल्या हातांकडे बघत राहिले. "तुमी म्हनला, गाव म्हनलं, त्येचं सोडा. मलाबी तसंच वाटायचं. नातू झाला, तर त्येला उचलून घ्यायचं भ्या वाटलं मला. म्हनलं, माझं हातच वंगाळ."

अम्मा पुढं झाल्या. भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, त्यांनी चाचांचे साबणानं माखलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.